धंद्यासाठी इंटरनेटवरचा फोन घ्यायचाय, प्लॅन कसा निवडावा?

शिवारातला_पंप | सोमवार, सकाळी ९.१०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

पिंपळगाव बसवंतला आमचं सबमर्सिबल पंप, स्टार्टर, केबल आणि ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. मागे दुरुस्तीचं वर्कशॉप, दिंडोरीला छोटी शाखा. वडिलांनी १९९४ साली लँडलाइन घेतली, ती अजून चालू आहे. तो ०२५५० चा नंबर आमच्या बिलबुकावर आहे, पंपाच्या स्टिकरवर आहे आणि कितीतरी विहिरींवर स्टार्टरच्या पेटीच्या दाराला आतून खडूने लिहिलेला आहे.

पण एकच लाइन. एक जण बोलत असला की दुसऱ्याला एंगेज. म्हणून मुलांनी आपापले मोबाइल नंबर द्यायला सुरुवात केली. गेल्या वर्षी एक मुलगा काम सोडून गेला आणि त्याच्याबरोबर तीनेकशे शेतकऱ्यांचे फोनही गेले. त्याचा दोष नाही, नंबर त्याचाच होता. चूक माझी.

आता तीन प्रस्ताव हातात आहेत. पहिला क्लाउडवाल्याचा: एक व्हर्च्युअल नंबर, माणशी महिन्याचं भाडं, वर मिनिटाचे पैसे, फोन आमच्या मोबाइलवर किंवा अ‍ॅपवर वाजणार. दुसरा टेलिफोन कंपनीचा: एसआयपी ट्रंक (नेटवरून येणारी एकच फोनजोडणी), दहा चॅनल (म्हणजे एका वेळी दहा संभाषणं), एक्स्चेंजचा डबा आमच्याच दुकानात. तिसरा फायबरवाल्याचा: नेट घ्या, लँडलाइन सोबत फुकट. फोनवर बोलणारी माणसं सात. शेतीच्या लाइटच्या वेळापत्रकामुळे फोन पहाटे पावणेसहाला आणि रात्री दहालाही येतात.

अजून एक. आमचे मिस्त्री फोनवर मोटारीचा आवाज ऐकून दोष सांगतात. "फोन मोटारीजवळ धर" म्हणतात आणि फेज गेलाय की बेअरिंग गेलंय ते ओळखतात. शेतकऱ्याचा हेलपाटा वाचतो. नव्या फोनवर हे जमलं पाहिजे.

काय घेऊ?

रानवारा | सोमवार, सकाळी ९.३२

पहिला. डोळे झाकून. आमच्या कृषी केंद्राचं दोन वर्षं तेच चाललंय. मिस्ड कॉल कोणाचे राहिले ते रात्री एका यादीत दिसतं, तेवढ्यासाठी सुद्धा पैसे वसूल.

नेटजाळे | सोमवार, सकाळी १०.०५

डोळे उघडे ठेवून घ्या. :) रानवारा, राग नसावा.

धागाकर्ते, आधी हे तीन प्रस्ताव एकाच जातीचे नाहीत हे लक्षात घ्या. क्लाउडमध्ये एक्स्चेंज त्यांच्याकडे असतं, तुमच्याकडे फक्त वाजणारी यंत्रं. ट्रंकमध्ये एक्स्चेंज तुमचं, बाहेर जाणारी वाट त्यांची. तिसऱ्यात एक लाइन, एक फोन, बस. त्यामुळे भाड्याचे आकडे शेजारी ठेवून काही कळणार नाही.

नेटच्या वेगाची काळजी करू नका, तिथे विक्रेते लोकांना उगाच घाबरवतात. जी.७११ या नेहमीच्या कोडेकला (कोडेक म्हणजे आवाज नेटवरून पाठवण्याजोगा करायची रीत) एका संभाषणासाठी ९० केबीपीएसच्या आसपास लागतात, जाताना तेवढे आणि येताना तेवढे. सातही जण एकदम बोलले तरी एक एमबीपीएसच्या आत काम होतं. १०० एमबीपीएसचा प्लॅन असून आवाज तुटतो तो वेग कमी म्हणून नाही. आवाज छोट्या तुकड्यांत, म्हणजे पाकिटांत जातो; ती उशिरा पोचतात, कमीजास्त अंतराने पोचतात किंवा वाटेत गळतात म्हणून तुटतो. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर बोलताना जाणवत नाही. त्यापुढे गेला की दोघे एकदम बोलायला लागतात आणि दोघे एकदम गप्प होतात.

दुकानात जे नेट आहे त्यावर दिवसातून चार वेळा, पाच-पाच मिनिटं पिंग (नेटवरून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजायची चाचणी) लावून बघा. पहाटे आणि रात्री नऊच्या सुमारास नक्की. आकडे इथे टाका.

मोटारीच्या आवाजाबद्दल संध्याकाळी सविस्तर लिहितो. असा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता.

मालवणीखाजं | सोमवार, सकाळी १०.२०

होल्डवर सनई लावू नका फक्त. शेतकरी म्हणेल पंप राहू दे, लग्न कोणाचं ते सांगा.

जुनीतार | सोमवार, दुपारी १.१५

मी टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी केबलच्या खड्ड्यात. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुमच्या त्या जुन्या लँडलाइनला घरातली वीज लागत नव्हती. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांतून ४८ व्होल्ट तांब्याच्या तारेवरूनच यायचे. गाव अंधारात असलं तरी फोन वाजायचा. पुरात, वादळात लोकांना फोनचा आधार वाटायचा तो यामुळे. इंटरनेटच्या फोनला तो आधार नाही. काचेच्या तारेतून वीज येत नाही. दुकानातला फायबरचा डबा, राउटर, स्विच आणि फोन, या चारांपैकी एकाची वीज गेली की सगळं मुकं. तुमचं गिऱ्हाईक नेमकं विजेच्या घोळातच फोन करतं. तेव्हा प्लॅन निवडण्याआधी या चार डब्यांना इन्व्हर्टर द्या. १२ व्होल्टचे छोटे राउटर यूपीएस बाजारात मिळतात, हाताच्या पंजाएवढे असतात. फायबरच्या डब्याला एक आणि राउटरला एक लावा. एक कोणीतरी विसरतोच, आणि मग दुसरा चालू असून उपयोग होत नाही.

दुसरं, नंबर. मोबाइलचा नंबर २०११ पासून कंपनी बदलली तरी नेता येतो. लँडलाइनला आपल्याकडे ती सोय नाही. ज्या कंपनीचा ०२५५० चा नंबर, तो तिच्याकडेच राहणार. "तुमचा जुना नंबर आमच्याकडे आणून देतो" असं कोणी म्हणालं तर लेखी मागा. मात्र त्याच कंपनीत तांब्याची लाइन फायबरवर बदलून तोच नंबर ठेवता येतो. मी स्वतः कितीतरी लोकांचं करून दिलं आहे.

इतिहासाचं थोडं, आवडत असेल तर वाचा. आपल्याकडे इंटरनेटवरून बोलायला परवानगी मिळाली १ एप्रिल २००२ पासून, पण अर्धवट: संगणकावरून संगणकावर चालेल, संगणकावरून परदेशातल्या फोनवर चालेल, देशातल्या साध्या फोनवर नाही. ती भिंत पडायला २०१८ उजाडलं. त्या वर्षी बीएसएनएलने 'विंग्ज' नावाची सेवा काढली, वर्षाला १,०९९ रुपये, सिम नसताना अ‍ॅपवरून कुठल्याही नंबरला फोन. मी तेव्हा निवृत्तीला टेकलो होतो. आमच्या काळी ज्याला एकदम तीस लाइनी हव्या असत तो पीआरआय घेई, दोन एमबीच्या एका जोडणीत तीस संभाषणं. साखर कारखाने आणि बँका घेत. आज तेच काम तुमच्यासारख्या दुकानाला दहा चॅनलांत मिळतंय याचा मला मनापासून आनंद आहे.

शिवारातला_पंप | सोमवार, दुपारी २.४०

काका, डोळे उघडले. व्हर्च्युअल नंबर घेऊन जुना बंद करायचा असंच माझ्या डोक्यात होतं. विहिरींवरचा खडू कोण पुसणार?

सांगलीचा_बेदाणा | सोमवार, दुपारी ३.०५

पैशाचं सांगतो, कारण तिथे मी ठेच खाल्ली आहे. तासगावात बेदाण्याचा व्यापार, सौद्याच्या दिवशी फोन खाली ठेवायला उसंत नसते. क्लाउडवाल्याने (नाव घेत नाही) मिनिटाचा दर सांगितला, तो स्वस्तच होता. बिल आलं ते अंदाजाच्या तिप्पट.

कारण एक, पल्स. ६० सेकंदांची पल्स म्हणजे ६१ व्या सेकंदाला दुसरं अख्खं मिनिट लागतं. कारण दोन, दोन पाय. गिऱ्हाइकाचा फोन व्हर्च्युअल नंबरवर येतो हा एक पाय, तिथून तुमच्या मोबाइलवर जातो हा दुसरा. काही प्लॅनमध्ये दोन्ही पायांचे पैसे लागतात. फोन अ‍ॅपवर किंवा आयपी फोनवर (नेटला जोडलेल्या टेबलफोनवर) घेतला तर दुसरा पाय नेटवरून जातो, बऱ्याच ठिकाणी त्याचे पैसे नाहीत. हा फरक दरपत्रकात सगळ्यात खाली बारीक अक्षरात असतो.

तुमच्या फोनांची सरासरी लांबी काढा. समजा ७० सेकंद आली, तर फोनमागे दोन मिनिटं धरा आणि गुणा. दोन पाय असतील तर दुप्पट.

ताळेबंद | सोमवार, दुपारी ३.५०

बेदाणा, दोन पायांचं अगदी बरोबर. पण सरासरीला गुणू नका, उत्तर चुकतं.

दहा फोन घ्या. पाच वीस-वीस सेकंदांचे ("माल आला का?" "आला."), पाच दोन-दोन मिनिटांचे. सरासरी ७० सेकंदच. तुमच्या हिशेबाने वीस मिनिटं. प्रत्यक्षात पाच एके पाच आणि पाच दुणे दहा, पंधराच मिनिटं. हेच ३० सेकंदांच्या पल्सवर साडेबारा मिनिटं होतात. खरं बोलणं पावणेबारा मिनिटांच्याही आत. म्हणून मोबाइलमधली महिन्याची कॉल यादी काढा, एकेक फोन वर चढवा आणि मग बेरीज करा. एका संध्याकाळचं काम आहे, पण वर्षभराच्या पैशांचा निकाल त्यात लागतो.

करांबद्दल: सांगितलेला दर बहुतेक वेळा १८ टक्के जीएसटी सोडून असतो. तुमची नोंदणी असेल तर तो जमा मिळेल, फक्त बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक पहिल्या महिन्यापासून बरोबर आहे ना ते बघा. आणि वर्षाचे पैसे आगाऊ भरून सूट घेऊ नका, निदान पहिल्या वर्षी.

सांगलीचा_बेदाणा | सोमवार, दुपारी ४.०२

मान्य. माझी पद्धत आळशी माणसाची होती. तुमची बरोबर.

चित्रलेखा_ठाणे | सोमवार, सायंकाळी ५.३०

दुसऱ्या प्रस्तावाबद्दल, म्हणजे डबा स्वतःच्या दुकानात ठेवण्याबद्दल सांगते. आमचं सहलींचं ऑफिस आहे. भाचा संगणकातला, त्याने अ‍ॅस्टेरिस्क हे फुकटातलं एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर एका जुन्या पीसीवर टाकून दिलं. दीड वर्ष झकास चाललं. मग दिवाळीत चार दिवस ऑफिस बंद ठेवलं. पाचव्या दिवशी आले तर ट्रंक बंद आणि कंपनीचा मेल: तुमच्या लाइनवरून आफ्रिकेत आणि कॅरिबियन बेटांवर रात्रभर फोन गेलेत, एक लाख चौऱ्याऐंशी हजार भरा. एका एक्स्टेन्शनचा (ऑफिसातल्या आतल्या फोनचा) पासवर्ड त्या एक्स्टेन्शनचाच नंबर होता. डबा इंटरनेटवर उघडा, कोणीतरी दार ढकललं आणि आत आलं.

भांडून भांडून रक्कम थोडी कमी झाली, माफ नाही झाली. त्या रात्री मला झोप लागली नव्हती, ते अजून आठवतं.

तेव्हा ट्रंक घेणार असाल तर परदेशी फोन पहिल्याच दिवशी लेखी बंद करून घ्या. दिवसाच्या खर्चाची मर्यादा घाला, जमलं तर प्रीपेड. आणि सुट्टीत डब्याकडे बघणारा माणूस नसेल तर डबा ठेवूच नका.

नेटजाळे | सोमवार, सायंकाळी ७.४५

चित्रलेखाताई, हे वाचून वाईट वाटलं. असे हल्ले नेमके शुक्रवारी रात्री आणि सणांच्या सुट्टीत होतात, कारण बघायला कोणी नसतं. सात माणसांच्या दुकानाला स्वतःचा डबा नको, हे माझंही मत. वीस-पंचवीस एक्स्टेन्शनं आणि सांभाळायला पगारी माणूस असेल तर ट्रंकसारखं दुसरं काही नाही.

आता मोटार. कोडेक आवाज लहान करून पाठवतो. जी.७११ फारसा लहान करत नाही, ६४ केबीपीएस तसेच जातात (सकाळच्या ९० मध्ये पाकिटांचं वेष्टनही धरलं होतं). जी.७२९ आठवरच भागवतो, पण ते जमतं कारण त्याची घडण माणसाच्या घशातून येणाऱ्या आवाजाभोवती केलेली आहे. मोटारीला घसा नाही. बेअरिंगची खरखर त्यातून वेगळीच होऊन बाहेर पडते. म्हणून प्रश्न क्रमांक एक विचारा: जी.७११ मिळेल का, आणि तोच कायम लावता येईल का?

दुसरी भानगड अ‍ॅपची. बहुतेक अ‍ॅपमध्ये पार्श्वभूमीचा गोंगाट कापायची सोय आपोआप चालू असते. एकसुरी घरघर हा तिच्या लेखी कचराच. शेतकरी फोन मोटारीजवळ धरेल आणि मिस्त्रींना शांतता ऐकू येईल. ही सोय बंद करता येते का ते बघा. नाहीतर मिस्त्रींच्या टेबलावर अ‍ॅप नको, तारेचा आयपी फोन ठेवा.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगतो. शेतकऱ्याचा मोबाइल स्वतःच आवाज दाबतो आणि गोंगाट कापतो. ते टोक तुमच्या हातात नाही. मिस्त्री आज जे ओळखतात ते त्यातूनच ओळखतात, म्हणजे कान तयार आहे. तुम्ही फक्त त्यावर दुसरा दाब पडू देऊ नका.

रानवारा | सोमवार, रात्री ८.१०

मी सकाळी डोळे झाकून लिहिलं होतं, मागे घेतो. आमच्याकडे कोणी मोटारी ऐकत नाही, म्हणून हे कधी लक्षातच आलं नाही.

टेम्सकाठ | सोमवार, रात्री ११.५५

इंग्लंडमधून लिहितोय, स्लाउमध्ये आमचं दातांचं क्लिनिक आहे. इथे निवडच उरली नाही. तांब्यावरची जुनी फोनसेवा पूर्ण बंद होणार आहे. मुदत आधी डिसेंबर २०२५ ची होती, ती जानेवारी २०२७ पर्यंत लांबवली. लांबवण्याचं मोठं कारण एकटे राहणारे म्हातारे लोक. त्यांच्या गळ्यात संकटाचं बटण असतं, ते जुन्या लाइनवर चालतं. जुनीतार काका म्हणतात तेच इथेही पुढे आलं: वीज गेली की फोन गेला. म्हणून ज्यांना दुसरा आधार नाही त्यांच्यासाठी वीज गेल्यावर निदान तासभर आणीबाणीचा फोन लागेल अशी सोय कंपन्यांनी करायची आहे.

क्लिनिकसाठी आम्ही प्लॅन बदलला तेव्हा एक चूक टळली ती रिसेप्शनवरच्या बाईंमुळे. विक्रेता आम्हाला सहा पर्यायांचा आवाजी मेनू दाखवत होता. त्या म्हणाल्या, दात दुखणारा माणूस सहा पर्याय ऐकेल का? एकही मेनू ठेवला नाही. फोन सरळ वाजतो.

आणि आणीबाणीचं बघा. क्लाउडच्या नंबरवरून ११२ लावला तर तो लागतो का, लागला तर तुमचा पत्ता कुठला दिसतो? विक्रेत्याला हे विचारा. उत्तर येईपर्यंत वर्कशॉपमध्ये साधा मोबाइल भिंतीला टांगून ठेवा. तुमच्याकडे विजेचं काम आहे.

शिवारातला_पंप | मंगळवार, सकाळी ७.२०

मेनूचं पटलं. विक्रेत्याने मला "मराठीसाठी एक दाबा" ऐकवलं तेव्हा मी खूश झालो होतो. पण रात्री दोन वाजता पाण्यात उभा असलेला माणूस एक दाबणार नाही, फोन ठेवून देणार.

अजून दोन शंका. क्लाउडवाला ०८० ने सुरू होणारा नंबर देतोय, म्हणतो फरक पडत नाही. आणि द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या आधी सगळ्या शेतकऱ्यांना आपोआप फोन जाऊन स्कीम सांगायची सोय फुकट देतोय. घेऊ का?

सांगलीचा_बेदाणा | मंगळवार, सकाळी ८.००

०८० मुळे फरक पडतो! बंगळूरचा नंबर दिसला की आमच्याकडे लोक कर्जवाल्यांचा फोन समजून कापतात. आपल्या भागाचा कोड मिळत नसेल तर परत फोन करताना मोबाइल नंबर दिसेल अशी सोय मागा.

चित्रलेखा_ठाणे | मंगळवार, सकाळी ९.४०

ती आपोआप फोनांची सोय अजिबात घेऊ नका. जाहिरातीच्या फोनांसाठी १४० ची वेगळी मालिका आहे आणि आधी नोंदणी करावी लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, कंपन्यांना आदेशच दिला की नोंदणी नसताना एसआयपी, पीआरआय किंवा दुसऱ्या लाइनवरून जाहिरातीचे फोन करणाऱ्यांची सगळी कनेक्शनं तोडा आणि दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाका. एका स्कीमसाठी वडिलांच्या काळापासूनचा नंबर पणाला लावू नका.

रेकॉर्डिंग चालू ठेवणार असाल तर सुरुवातीला एका वाक्यात सांगा की बोलणं रेकॉर्ड होतंय. आता २०२३ चा वैयक्तिक डेटाचा कायदाही आहे. रेकॉर्डिंग किती दिवस राहतं आणि प्लॅन सोडल्यावर त्याचं काय होतं, हे लेखी घ्या.

जुनीतार | मंगळवार, सकाळी ११.००

ताईंना दुजोरा. एक भर: नंबर नावावर कोणाच्या आहे ते विचारा. क्लाउडचा नंबर कित्येकदा भाड्याचा असतो, प्लॅन सोडला की तो परत जातो आणि उद्या दुसऱ्याला मिळू शकतो. फलकावर तो रंगवण्याआधी याचा विचार व्हावा.

फार स्वस्त दर सांगणाऱ्यापासून लांब राहा. त्याच्याकडे दूरसंचार विभागाचा परवाना आहे का, किंवा परवानाधारकाकडून त्याने लाइन घेतली आहे का, ते बघा. सिमकार्डांच्या खोक्यातून फोन वळवणारे बेकायदा एक्स्चेंज अजून सापडतात. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात विनापरवाना सेवा देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड आहे, दोन्हीही होऊ शकतं.

मालवणीखाजं | मंगळवार, दुपारी १२.१५

आमच्या होमस्टेला एकच नेट होतं. जेसीबीने रस्ता खोदला आणि मे महिन्याच्या सुट्टीत सहा दिवस फोन गप्प. पर्यटक फोन लावून लावून दुसरीकडे गेले. आता राउटरमध्ये सिमही घातलंय, फायबर तुटलं की त्यावर जातं. दुसरं सिम वेगळ्या कंपनीचं घ्या, एकाच टॉवरवर दोन्ही नकोत.

नेटजाळे | मंगळवार, दुपारी १.००

खाजं, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. क्लाउडमध्ये अजून एक सोय असते: दुकानातले फोन त्यांना दिसेनासे झाले की कॉल आपोआप ठरवलेल्या मोबाइलवर. ती चालते का हे चाचणीत बघायची सोपी रीत आहे, राउटरची पिन काढा आणि बाहेरून फोन लावा. विक्रेत्यासमोरच काढा.

एक तांत्रिक गोष्ट: "मला ऐकू येतंय पण त्यांना नाही" असं झालं तर राउटरमध्ये एसआयपी एएलजी नावाची सेटिंग शोधा आणि बंद करा. दहापैकी सात वेळा तिथेच असतं, माझ्या अनुभवात.

शिवारातला_पंप | पुढच्या आठवड्यातला गुरुवार, रात्री ९.३०

उशीर झाला, पण सगळं करून बघितलं.

ताळेबंद साहेबांच्या पद्धतीने यादी काढली. महिन्याला चारही मोबाइल मिळून १,३६२ फोन, निम्म्याहून जास्त अर्ध्या मिनिटाच्या आतले. ६० च्या पल्सचा प्लॅन तिथेच बाद झाला. लँडलाइनवर किती जणांना एंगेज लागतं ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून आठवडाभर वहीत लिहिलं: "तुमचा फोन लागत नव्हता" असं म्हणणारे एकेचाळीस जण. एकेचाळीस!

पिंगचे आकडे दिवसा छान. रात्री नऊ ते साडेदहा वाईट, तेव्हा गावात सगळे मोबाइलवर काही ना काही बघत असतात. नेटवाल्याला दाखवले, त्याने लाइन दुसऱ्या पेटीवर जोडून दिली, आता बरे आहेत.

असं ठरवलंय: जुना ०२५५० चा नंबर त्याच कंपनीच्या फायबरवर घेतला, नंबर तोच राहिला. तो एंगेज असला किंवा चार रिंगांत उचलला नाही तर फोन क्लाउडच्या नंबरवर वळतो. क्लाउडचा प्लॅन सात नाही, चार माणसांचा घेतला. ३० सेकंदांची पल्स, प्रीपेड, महिन्याला सोडता येईल असा. मेनू नाही. आधी दुकान वाजतं, मग दिंडोरी, मग माझा मोबाइल. परदेशी फोन बंद. फलकावर आणि बिलबुकावर फक्त जुना नंबर.

ताळेबंद | गुरुवार, रात्री ९.५०

एकेचाळीस हा आकडा प्लॅनच्या खर्चाशेजारी लिहून ठेवा. पुढच्या वर्षी नूतनीकरणाला कामाला येईल.

नेटजाळे | गुरुवार, रात्री १०.०५

आणि मोटार?

शिवारातला_पंप | गुरुवार, रात्री १०.३०

तेच सांगायचं राहिलं. अ‍ॅपवर पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणालात तसं झालं. शेतकऱ्याचं बोलणं स्वच्छ, त्याने फोन मोटारीकडे नेला की सगळं गप्प. मिस्त्री म्हणाले, "मोटार बंद आहे का रे?" तो म्हणाला चालू आहे, जोरात आहे.

मग त्यांच्या टेबलावर तारेचा आयपी फोन बसवला, कोडेक जी.७११ करून घेतला. क्लाउडवाल्याचा मुलगा आधी नाही म्हणत होता, वरच्याला फोन केल्यावर झालं. परवा पहाटे ५.५० ला पालखेडहून पहिला फोन आला. मिस्त्रींनी डोळे मिटून रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. मला शेजारी उभं राहून नुसती घूं घूं ऐकू येत होती. ते अर्धं मिनिट काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "स्टार्टर लगेच बंद कर. एक फेज येत नाही, मोटार जळेल. डीपीवरचा फ्यूज बघ, पण हात लावू नको, वायरमनला बोलव."

डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतला फ्यूजच गेला होता. मोटार वाचली. पाऊण तासाने त्याचा परत फोन आला, पाणी चालू झालंय हे सांगायला. एंगेज लागला नाही.

जुनीतार | शुक्रवार, सकाळी ६.१५

मिस्त्रींना माझा नमस्कार सांगा. आणि राउटरच्या यूपीएसची बॅटरी दोन वर्षांनी बदला, तारीख त्यावरच खडूने लिहून ठेवा.